चिठ्ठी नको, प्रश्न मागा

जून उजाडला की आमदारांच्या संपर्क कार्यालयापुढे चपलांचा ढीग वाढतो. बापाच्या हातात प्लास्टिकची फाइल असते. तिच्यात गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आणि सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स. मागणं एकच असतं : "साहेब, कॉलेजला एक चिठ्ठी द्या. फी भरल्याशिवाय पोरीचं नाव घेत नाहीत." साहेब पीएकडे बघतात, पीए लेटरहेड ओढतो, आणि दहा मिनिटांत बाप चिठ्ठी घेऊन एसटी स्टँडवर.

मी त्या चिठ्ठीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस. तालुक्याच्या एका अनुदानित महाविद्यालयात सव्वीस वर्षं कारकुनी केली, त्यातली एकोणीस शिष्यवृत्तीच्या टेबलावर. चिठ्ठी आली की प्राचार्य तिच्यावर "बसवून घ्या" असा शेरा मारून माझ्याकडे पाठवत. मी बसवून घ्यायचो. म्हणजे काय, तर पूर्ण फीऐवजी दोन हजार घ्यायचे आणि बाकीच्या रकमेपुढे "शिष्यवृत्ती आल्यावर" असं लिहायचं. खरं तर त्या मुलीकडून दोन हजारसुद्धा घ्यायचे नव्हते. ती मागासवर्गीय होती, शिष्यवृत्तीला पात्र होती, आणि पात्र मुलांना फीसाठी अडवू नका असं शासनाने वारंवार कळवलेलं होतं. बापाला ते माहीत नव्हतं. चिठ्ठी देणाऱ्यालाही बहुधा नसावं. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. संस्थेचं म्हणणं, शासनाकडून पैसे वर्ष-वर्ष येत नाहीत, तोवर वीजबिल कोण भरणार? त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. आणि मला नोकरी होती. आता निवृत्त झालोय, मला कुणी "बसवून घ्या" म्हणत नाही, म्हणून लिहितो.

सांगायचं ते एवढंच. आमदाराकडे चिठ्ठी मागू नका, प्रश्न मागा.

चिठ्ठी ही त्याची मेहेरबानी असते. तिने तुमची एक पोरगी वर्गात जाते, तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या चाळीसजणी तिथेच राहतात, आणि कॉलेजला वाटतं आपण उपकार केले. विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाला मात्र मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरासाठी मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे आणि तिथून थेट कॉलेजात फोन येतो : अमुक वर्षाचे किती अर्ज तुमच्या लॉगिनला पडून आहेत? मी तो फोन दोनदा घेतलाय. पहिल्या वेळी तीन महिने पडून असलेले अर्ज आम्ही दोन रात्रींत पुढे सरकवले होते. चिठ्ठीने आमच्या ऑफिसात असली धावपळ कधी झाली नाही.

आता हा पैसा नेमका कुणाचा आणि कुठून येतो, ते थोडं समजून घ्या. त्याशिवाय प्रश्न कुणाला विचारायचा ते कळणार नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपण सगळे "भारत सरकार" म्हणतो, ती १९४४ पासूनची. मधली काही वर्षं केंद्राने हात आखडता घेतला होता आणि बहुतेक भार राज्यांवर येऊन पडला होता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवं सूत्र ठरवलं : साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे, आणि पाच वर्षांसाठी मिळून ५९,०४८ कोटी रुपये. राज्याने आपला वाटा आधी टाकायचा, मग केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात पैसा दोन खिशांतून येतो आणि दोन वेळा अडकू शकतो. राज्याचं अडलं असेल तर आमदाराला विचारायचं, केंद्राचं अडलं असेल तर खासदाराला. आपल्याकडे लोक दोघांनाही लग्नाच्या पत्रिका देतात, प्रश्न एकालाही देत नाहीत.

दुसरी गोष्ट, खातं. शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षण खातं असं धरून लोक उच्च शिक्षणमंत्र्यांच्या नावाने निवेदनं देतात. अनुसूचित जातींची शिष्यवृत्ती सामाजिक न्याय विभागाकडे, आदिवासी मुलांची आदिवासी विकास विभागाकडे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांची इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे, अल्पसंख्याकांची त्यांच्या विभागाकडे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला जुनी माणसं अजून ईबीसी म्हणतात, ती इंजिनिअरिंगला आणि साध्या पदवीला उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे. पण मुलगी नर्सिंगला असेल तर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. एकाच घरातल्या दोन पोरांची फाइल दोन मंत्र्यांकडे असू शकते. चुकीच्या खात्याला लिहिलेलं निवेदन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतं, आणि तोवर परीक्षा होऊन जाते.

पैसा किती मिळतो यापेक्षा कधी मिळतो याने पोरं जास्त बुडतात, असं माझं मत झालंय. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार, जिल्ह्याच्या गावी ४३ हजार. रक्कम वाईट नाही. पण खोलीचा मालक जूनमध्ये डिपॉझिट मागतो, मेसवाला महिन्याच्या महिन्याला, आणि हप्ता येतो तो पुढच्या वर्षी. आमच्या कॉलेजातून पुढे शहरात शिकायला गेलेल्या एका पोराचा मला एकदा फोन आला. त्याने शिक्षण सोडून रिक्षा धरली होती. बँकेचा मेसेज आला होता, रक्कम जमा झाल्याचा. "काका, हे परत करायचं का?" असं त्याने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेचंही तसंच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख ठरली आणि पुढची दहा-बारा वर्षं तिथेच बसून राहिली. महिना एकवीस हजार कमावणारा ड्रायव्हर वर्षाला दोन लाख बावन्न हजारांवर जातो, म्हणजे या हिशेबाने तो गरीब उरत नाही. महाराष्ट्रात अशा घरातल्या मुलाला "फ्रीशिप" मिळते, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सुटतं, पण निर्वाह भत्ता जातो. त्याच काळात आर्थिक दुर्बल घटकांसाठी मर्यादा आठ लाखांची आली, शाहू महाराज योजनेलाही आठ लाखांचीच आहे. मी कुणाला कमी द्या म्हणत नाही. पण एका कायद्याच्या पुस्तकात गरिबीच्या दोन व्याख्या का, हे संसदेत विचारायला खासदार लागतो, आणि खासदाराला ते सुचवायला तुम्ही.

मुलींच्या मोफत शिक्षणाचं बघा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या घरातल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. निर्णय चांगलाच आहे. पण फलकावर "मुलींना मोफत शिक्षण" असतं आणि काउंटरवर विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र अशी पावती फाटते. आई-बापाला वाटतं सरकारने फसवलं, कॉलेज म्हणतं आम्ही नियमात आहोत. पावतीवरची कुठली ओळ नियमात बसते आणि कुठली नाही, हे विचारलं पाहिजे, आणि ते नोटीस बोर्डापुढे ओरडून कळत नाही.

तर प्रश्न कसा असतो? विधिमंडळाच्या प्रश्नाला एक ठरलेला साचा आहे. आमच्या सरकारी मराठीतला तो एक मजेदार प्रकार आहे, पण कामाचा आहे. "अमुक ठिकाणी अमुक झाले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" बस्स. एवढ्या साच्यात महाराष्ट्रातली सगळी दुःखं ओतली जातात.

उत्तरांचाही साचा आहे. "होय, हे खरे आहे." "अंशतः खरे आहे." "हे खरे नाही." "माहिती घेण्यात येत आहे." आणि सगळ्यांत लबाड : "प्रश्न उद्भवत नाही." पहिल्या भागाला "हे खरे नाही" असं उत्तर मिळालं की खालच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही" लावता येतं आणि खातं हात झटकून मोकळं होतं. म्हणून प्रश्न असा लिहायचा की पहिलं पाऊल नाकारताच येऊ नये.

समजा तुम्ही विचारलंत : "राज्यातील गरीब विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती रखडली आहे, हे खरे आहे काय?" उत्तर येणार, हे खरे नाही. संपलं. त्याऐवजी विचारा : अमुक जिल्ह्यात अमुक शैक्षणिक वर्षात महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, या योजनेचे किती अर्ज आले, त्यांतले महाविद्यालयाच्या लॉगिनला किती पडून आहेत, सहायक आयुक्तांच्या लॉगिनला किती, मंजूर किती झाले, मंजूर होऊनही खात्यात रक्कम गेली नाही असे किती, पहिला हप्ता कोणत्या तारखेला गेला आणि दुसरा कोणत्या? आकड्याला आकडाच द्यावा लागतो. "अंशतः खरे आहे" म्हणून आकडा सांगता येत नाही.

हे आकडे तुमच्याकडे आधी असले तर उत्तमच. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेवढेही लागत नाहीत. उत्तराला तीस दिवसांची मुदत. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत हवा, म्हणून त्यात व्यवस्थेवरचं भाषण लिहू नका. मी पाहिलेले निम्मे अर्ज भाषणामुळेच फेटाळायला सोपे गेले. "अमुक वर्षात, अमुक योजनेचे, आपल्या स्तरावर प्रलंबित अर्जांची संख्या व सर्वात जुन्या अर्जाची तारीख द्यावी." एक वाक्य पुरतं.

दुसरं काम कॉलेजातल्या पोरांचं. वर्गात चाळीसजणांची शिष्यवृत्ती अडली असेल तर प्रत्येकाचा अर्ज क्रमांक, अर्ज भरल्याची तारीख, आणि महाडीबीटीवर आज काय स्थिती दिसते, एवढं एका कागदावर. स्क्रीनशॉटवर तारीख दिसू द्या. आधार क्रमांक आणि बँक खातं मात्र त्या कागदावर लिहू नका, कुणाचंही. असा कागद फिरतो, आणि कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही. यादी करताना एक गंमत हमखास कळते : चाळीसांतले सात-आठ अर्ज सरकारने अडवलेलेच नसतात. "सेंड बॅक" होऊन विद्यार्थ्याच्याच लॉगिनला पडलेले असतात, किंवा आधार एका बँकेला जोडलेलं आणि अर्जात खातं दुसऱ्या बँकेचं. ते आधी निस्तरा. नाहीतर सभागृहात मंत्री नेमकी तीच आठ नावं वाचून दाखवतील आणि बत्तीसांची बाजू पडेल.

ही सगळी ऑनलाइन भानगड आली कशी, तेही लक्षात असू द्या, म्हणजे सगळा दोष संगणकावर जाणार नाही. पूर्वी पैसा संस्थांच्या खात्यात यायचा. कुठे विद्यार्थी कागदावर होते आणि वर्गात नव्हते, कुठे एकाच मुलाचं नाव दोन ठिकाणी. त्याची चौकशी करायला राज्याने के. व्यंकटेशम यांच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमलं होतं. त्यानंतर महाडीबीटी आलं. पहिल्याच वर्षी, २०१७ मध्ये, ते इतकं कोलमडलं की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. तेव्हा मी एकाच मुलाचा अर्ज तीन वेळा भरलाय, दोनदा पडद्यावर आणि एकदा हाताने. चोरी थांबावी म्हणून लावलेलं कुलूप घरच्यालाच उघडेना, अशी गत होती. आता बरंच सुधारलंय. पण कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे विचारायचा अधिकार सभागृहाचा आहे, आणि सभागृह आपणहून विचारत नाही.

सभागृहाकडे प्रश्नाखेरीजही हत्यारं आहेत. लक्षवेधी सूचना असते, अर्ध्या तासाची चर्चा असते, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर कपात सूचना असते. मंत्री सभागृहात "तीन महिन्यांत पैसे देऊ" म्हणाले तर त्या शब्दाचा माग काढायला आश्वासन समिती असते. अनुसूचित जाती कल्याण समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती जिल्ह्यांत दौऱ्यावर येतात, वसतिगृहं बघतात. समिती येणार म्हटल्यावर वसतिगृहाला रंग लागतो, नळाला पाणी येतं. त्या दिवशी पोरांना सहलीला पाठवतात असंही मी ऐकलंय. समिती कधी येणार हे जिल्हा परिषदेत आणि समाज कल्याण कार्यालयात सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही विचारलंत तर तुम्हालाही कळेल. महालेखापालांचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि लोकलेखा समिती तो तपासते. दिल्लीतही १९९३ पासून खात्यानुसार स्थायी समित्या आहेत. शिक्षणाच्या समितीवर दोन्ही सभागृहांचे मिळून एकतीस खासदार असतात, आणि अनुदानाच्या मागण्या त्यांच्यापुढे जातात. सामाजिक न्यायाची समिती वेगळी. आपला खासदार यांपैकी कुठल्या समितीवर आहे हे किती मतदारांना ठाऊक असतं? मला स्वतःला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

विद्यापीठाकडे वळतो. शिष्यवृत्ती सरकार देतं, पण परीक्षा शुल्क ठरवतं विद्यापीठ. पुनर्मूल्यांकनाची फी, गुणपत्रिकेच्या दुरुस्तीची फी, विलंब शुल्क, स्थलांतर प्रमाणपत्राची फी हे सगळं तिकडचं. राज्य सरकार मुख्यतः मंजूर पदांचे पगार देतं. बाकीच्या गाड्याला परीक्षा शुल्काचं वंगण लागतं, आणि ते वंगण तुमच्या घरातून जातं. पदं रिकामी ठेवून तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर वर्ग चालवले की पगार वाचतो आणि शिकवणं जातं. यावर बोलायची जागा म्हणजे अधिसभा, सिनेट. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे नोंदणीकृत पदवीधरांतून दहाजण तिच्यावर निवडून जातात. आमदारही तिच्यावर नेमलेले असतात. मार्चच्या सुमाराला अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो, तो वेगळाच.

आणि आपण काय करतो? मुंबई विद्यापीठाची पदवीधरांची निवडणूक ऐन वेळी स्थगित होत होत, कोर्टाच्या पायऱ्या चढून, अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. दरवर्षी लाखाच्या वर पदव्या देणाऱ्या विद्यापीठाच्या यादीत मतदार तेरा हजारांच्या आसपास. निवडणूक लांबवणाऱ्यांना बोल लावलाच पाहिजे. पण उरलेले पदवीधर कुठे होते? पदवीची भेंडोळी पेटीत आणि नाव यादीत नाही. विधान परिषदेचंही तेच. तिच्या ७८ जागांत सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या आहेत. विद्यापीठाच्या प्रश्नावर हक्काने उभं राहावं अशी ही माणसं. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुनं नाव चालत नाही, अर्ज क्रमांक १८ पुन्हा भरावा लागतो. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. कार्यकर्ते घरोघर फॉर्म घेऊन येतात ते आपापल्या माणसांकडे. तुमच्याकडे कुणी आलं नाही, याचा अर्थ तुम्हाला मत नाही असा होत नाही.

हे काही मी आज शोधून काढलेलं नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्याचा रोख हाच होता : सारा भरणार शेतकरी, आणि त्या पैशावर वरचं शिक्षण घेणार दुसरेच. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात डॉ. आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी हिशेब मांडला. १९२३-२४ मध्ये सरकारने इलाख्यात शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च केले, आणि दारूवरच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त उकळले. शाळेत आलेल्या शंभरातली अठरा मुलं चौथीपर्यंत पोचतात, बाकीची गळतात. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातल्या दुरुस्तीवरही ते बोलले : मागासलेल्या वर्गांना सिनेटवर जागा पाहिजे. सिनेट म्हणजे परीक्षांची सोय बघणारी एक समिती, तिथे जातीपातीचं काय काम, असं समोरच्यांना वाटत होतं. आंबेडकरांचं म्हणणं, उच्च शिक्षण हीच मागासलेल्यांची सर्वांत मोठी मिळकत आहे, आणि तिचा कारभार कोण बघतो याच्याशी त्यांचा संबंध आहे. दोन्ही भाषणं आज मराठीत वाचायला मिळतात. मला त्यात आवडतं ते हे की माणूस गयावया करत नाही. आणे-पै मांडतो आणि विचारतो.

आपण मात्र आजही फाइल छातीशी धरून रांगेत उभे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. कॉलेजच्या टेबलावरच्या माणसाशी भांडू नका, मी तिथे बसलोय, तो तुमच्यापेक्षा फार वरचा नसतो. त्याच्याकडून "अर्ज अमुक तारखेला मिळाला" एवढं लिहून घ्या, शिक्क्यासह. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या, आणि पावतीवर कशाची फी ते लिहून घ्या. नुसतं "इतर शुल्क" चालवून घेऊ नका. कुणी मूळ गुणपत्रिका किंवा दाखला फीसाठी अडवून ठेवत असेल तर २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसं करायला मनाई केलेली आहे, ते त्यांना शांतपणे सांगा. केंद्राचा हप्ता खात्यात आला की सात दिवसांत कॉलेजची फी भरून टाका. पैसे घरात खर्च झाले आणि फी राहिली, अशी प्रकरणं वाढली की पुन्हा सगळ्याच पोरांना आगाऊ फी मागायला कॉलेजांना निमित्त मिळतं. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याकडे हेलपाटे पडत असतील तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. किती दिवसांत दाखला द्यायचा ते कार्यालयात फलकावर लावलेलं असलं पाहिजे.

आमदार कुठल्या पक्षाचा आहे याची फार फिकीर करू नका. विरोधातला असेल तर त्याला मुद्दा हवाच असतो, सत्तेतला असेल तर त्याच्या प्रश्नाला खातं जरा घाबरून उत्तर देतं. दोघांनाही सगळ्यात जास्त नड असते ती तयार कागदाची. त्यांच्याकडे रोज शंभर माणसं येतात, नव्याण्णव जण तक्रार सांगतात. तुम्ही एक पानभर, मराठीत, साच्यात बसलेला प्रश्न आणि त्यामागे चाळीस अर्जांची यादी घेऊन गेलात तर पीएचंच काम वाचतं. माझ्या एका भाच्याने असं पान नेलं, तेव्हा पीए म्हणाला, "हे कुणी लिहिलं? टायपिंगला टाकतो." प्रश्न लागला, उत्तर आलं. "अंशतः खरे आहे." पुढच्या महिन्यात हप्तेही आले. प्रश्नामुळेच आले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

उत्तर आलं की ते नीट वाचा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं मिळतात. "माहिती घेण्यात येत आहे" असं असेल तर पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा पाठवा, मागच्या उत्तराचा संदर्भ देऊन. कंटाळा येतो, मान्य. खात्याचा भरवसा त्याच कंटाळ्यावर असतो.

गावात पदवीधर पोरं असतील, निवृत्त मास्तर असतील, बचत गटात हिशेब लिहिणारी एखादी ताई असेल, तर तिघाचौघांनी एका रविवारी बसा. एकाने यादी करावी, एकाने माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा, एकाने प्रश्न. अधिवेशन सुरू झाल्यावर धावाल तर उशीर होईल, तारांकित प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात. हिवाळी अधिवेशन नागपुरात डिसेंबरमध्ये भरतं. दिवाळीचा फराळ संपायच्या आत कागद आमदाराच्या टेबलावर पोचू द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.